शाळेतली टीडीची लस आणि सिकलसेल : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-२०३ : नमस्कार. सोमवारी शाळेत दहा वर्षांच्या मुलांना टीडीची लस आहे, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची. आमच्या बारक्याचा सिकलसेलचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे नुसता वाहक नाही, रक्ताचा तो आजारच आहे, बऱ्याच जणांना माहीत नसेल. सकाळपासून एक फॉरवर्ड फिरतंय की सिकलसेलवाल्यांनी लस घेऊच नये, दुखणं उठतं. संमतीपत्रावर सही करू की नको? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

ए-४०१ : माझ्या माहेरच्या ग्रुपवरही आलंय ते. खाली ना डॉक्टरचं नाव ना तारीख. पण वहिनी, ऐकून भीती वाटतेच. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघता येईल.

सी-१०२ : वहिनी, सही करा. माझी मुलगी एसएस आहे, आता कॉलेजात जाते. सगळ्या लसी घेतल्यात तिने, जास्तीच्यासुद्धा.

काकू, "यंदा राहू द्या" हे या लेकरांच्या बाबतीत चालत नाही. रक्तातले जंतू गाळायचं काम पानथरी (प्लीहा) करते. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकत राहतात आणि लहानपणापासूनच तिचं काम मंदावत जातं. आपल्याकडच्या मुलांत ती पुष्कळदा मोठी झालेली लागते, पण मोठी आहे म्हणजे काम करते असं नाही. त्यामुळे न्यूमोकोकससारखा जंतू यांना एका दिवसात अत्यवस्थ करू शकतो. म्हणून यांना लस इतरांपेक्षा जास्त गरजेची. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी वेळापत्रकात आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने. तुमचा मुलगा त्याआधी जन्मलेला, म्हणून ती झाली का तेही बघा. शिवाय वयाच्या दोन वर्षांनंतर याच जंतूच्या २३ प्रकारांवरची वेगळी लस असते, आणि पाच वर्षांनी तिचा पुढचा डोस. ती झाली का, हे कार्डावर आजच बघा.

बी-२०३ : २३ वाली एकदाच झालीय, तीन वर्षांचा असताना. दुसरी राहिली वाटतं. पण मग दुखणं उठतं हे खोटं का?

सी-१०२ : पूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच असे फॉरवर्ड पसरतात. लसीनंतर काहींना दुखण्याचा झटका आल्याच्या नोंदी आहेत. टीडीत जिवंत जंतू नसतो. हात दुखतो, सुजतो, एक-दोन दिवस बारीक ताप येतो. साध्या मुलाला त्याचं काही नाही. आपल्या लेकराला ताप आला, त्यात पाणी कमी पडलं, की पेशी वाकायला लागतात. म्हणून आदल्या दिवसापासून पाणी पाजत राहा, उपाशी पाठवू नका, आणि त्या दिवशी उन्हातला पीटीचा तास नको म्हणून बाईंना चिठ्ठी द्या. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिन मनानं देऊ नका.

आता हे सगळ्यांनी नीट वाचा. थर्मामीटरवर १०१ च्या वर गेला, की "लसीचा ताप आहे, उतरेल" म्हणत घरी बसायचं नाही. माझी मुलगी सात वर्षांची असताना लसीच्या दुसऱ्याच दिवशी तापली. एका दवाखान्यात हेच सांगून परत पाठवलं. रात्री ती श्वास घेताना डाव्या कुशीला हात धरून बसायला लागली, आडवं होऊ देईना. दुसऱ्या दवाखान्यात नेलं, एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. लसीशी त्याचा संबंध नव्हता, दोन्ही एकाच वेळी आलं एवढंच. पण "लसीचा ताप" या दोन शब्दांत एक अख्खा दिवस गेला. सिकलसेलच्या लेकराला ताप आला की कारण डॉक्टरांनी शोधायचं, रक्त तपासून. आपण अंदाज बांधायचा नाही. छातीत दुखणं, धाप, एकदम पांढरं पडणं, पोट डावीकडे फुगणं, यातलं काही दिसलं तर ताप नसला तरी निघायचं.

डी-३०४ : माझ्या भावाच्या मुलाला हिमोफिलिया आहे, त्याचं वेगळं असतं. तिथे सुई टोचली तिथेच स्नायूत रक्त साचायची भीती. ज्या दिवशी फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन) घेतो त्याच दिवशी लस, बारीक सुईने. नंतर चोळायचं अजिबात नाही, कापूस निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा. माझी वहिनी तर पाच मिनिटं घड्याळ लावून धरते. लस मात्र एकही चुकवलेली नाही.

ए-४०१ : माझा एएस पॅटर्न आहे, म्हणजे मी नुसती वाहक. मला फ्लूची लस चालेल ना?

सी-१०२ : हो काकू, वाहकाला इतरांसारखीच. घरातल्या कुणाची तपासणी राहिली असेल तर करून घ्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेल जास्त असलेल्या भागांत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी सुरू झाली.

बी-२०३ : ताई, त्याला सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे. आणि मागच्या महिन्यात रक्तही चढवलं.

सी-१०२ : टीडीला त्याने अडत नाही. गोळी मनानं बंद करू नका. गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लसी. दात्याच्या रक्तातली प्रतिपिंडं त्या लसीला नीट लागू देत नाहीत, म्हणून रक्त चढवल्यावर काही महिने थांबवतात, आणि हायड्रॉक्सियुरियावर असताना त्या द्यायच्या की नाही हे रक्ताचे डॉक्टरच ठरवतात. असली लस निघाली तर आधी त्यांना विचारा. आत्ता फोन करून २३ वालीचा दुसरा डोसही ठरवून टाका.

सेक्रेटरी : ते फॉरवर्ड ग्रुपवरून काढलंय. ज्यांनी पुढे पाठवलं असेल त्यांनी तिकडेही हे कळवा.

बी-२०३ : सही केली. संमतीपत्रावर "सिकलसेल एसएस" असं लाल पेनाने लिहिलंय. ताई, आमचा थर्मामीटर बिघडलाय, सोमवारपुरता तुमचा मिळेल का?

सी-१०२ : आत्ताच पाठवते. पण उद्या नवा घ्या, घरात हवाच.