चिमणीवरचं मीटर पुरेसं आहे का?

फोंडेकर
गोव्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या धुराबद्दल विचारलं की 'चिमणीवर ऑनलाइन मीटर बसवलंय' हे कारखान्यांचं उत्तर ठरलेलं. ते मीटर बहुधा धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड एवढंच पाहतं. डायॉक्सिन, म्हणजे कचरा नीट न जळल्यावर तयार होणारं विषारी रसायन, त्यात दिसत नाही. जैववैद्यकीय, म्हणजे इस्पितळातल्या कचऱ्याच्या भट्टीत 2016 च्या नियमांनुसार दुसऱ्या कक्षात 1050 अंश तापमान आणि वायूचा 2 सेकंद मुक्काम हवा. डायॉक्सिन-फ्युरानची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम. मोजणी मात्र वर्षातून एकदाच. ओला कचरा एकदम टाकून भट्टी थंड पडली, तर ते तास त्या आकड्यात येतच नाहीत.

भोपाळनंतर अमेरिकेने 1986 मध्ये कारखान्यांना रसायनागणिक वार्षिक हिशोब जाहीर करायला लावला. आपल्याकडे 30 सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाच, म्हणजे कारखान्याचं वार्षिक पर्यावरण विवरण, भरतात. गोव्यात तो रसायनागणिक, किलोमध्ये आणि सर्वांना वाचता येईल असा हवा.

वेर्णेकर
पटत नाही. तो हिशोब बहुतेक कागदावर काढलेला असतो: आणलेलं सॉल्व्हंट (विरघळवायला वापरायचं द्रव रसायन), वजा मालात, कचऱ्यात गेलेलं आणि परत मिळवलेलं, उरलं ते हवेत. 200 टन टोल्युइन हे सॉल्व्हंट वापरणाऱ्याची साठामोजणी 1 टक्का चुकली तरी 2 टन इकडचे तिकडे. खरी गळती पंपाच्या सीलमधून, फ्लँजमधून (पाइपांच्या जोडातून), व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) होते. पीआयडी, म्हणजे अतिनील दिव्याने हवेतली रसायनांची वाफ मोजणारं हातातलं यंत्र, त्याची नळी सांध्याभोवती सावकाश फिरवा, गळती दिसली की टॅग बांधा, ग्लँड आवळा, पुन्हा मोजा. पावसाळ्यात दमटपणामुळे पीआयडी कमी दाखवतो, म्हणून आधी त्याचा दिवा साफ करून कॅलिब्रेशन करा.

फोंडेकर
करा ना, पण ती नोंदवही कारखान्याच्या कपाटात राहते. आज गावाला काहीच कळत नाही. 2 टनांची चूक असलेला आकडासुद्धा मला हवा आहे.

कुंकळ्ळीकर
कुंपणावर मोजा, दोघांचंही भागेल. बेन्झिन या विषारी रसायनाची हवेतली मर्यादा 2009 पासून वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. बेन्झिन शोषणारी भुकटी भरलेल्या नळ्या कुंपणावर झाकणाखाली 14 दिवस टांगायच्या. वीज लागत नाही. आपल्याकडे दुपारी वारा समुद्रावरून, रात्री घाटाकडून, म्हणून नळ्या चहूबाजूंनी हव्यात. सर्वांत जास्त आकड्यातून सर्वांत कमी वजा केला की कारखान्याचा वाटा मिळतो.

वेर्णेकर
वेर्ण्याच्या वसाहतीत नाही मिळणार. एका बाजूला महामार्ग 66 आहे, पेट्रोलचं बेन्झिन फक्त तिकडच्या नळ्यांत जमेल आणि ती वजाबाकी कारखान्याच्या माथी बसेल. रस्त्यापलीकडे वेगळ्या नळ्या लावल्या तरच मी तो आकडा मानेन.