मदत हवी आहे: वीस वर्षे पडून असलेला रॉकेलवर चालणारा पितळी प्रायमस २१० स्टोव्ह पुन्हा चालू करायचा आहे

रानवाट:
प्रायमस २१० आहे. एक पिंटाची (अर्ध्या लिटरहून थोडी जास्त) पितळी टाकी, सुटे होणारे पाय, आवाजी बर्नर, पत्र्याचा डबा. साधारण वीस वर्षे माळ्यावर होता आणि टाकीत थोडे रॉकेल तसेच राहिले होते. ते आता काकवीसारखे झाले आहे. पंपाला अजिबात जोर लागत नव्हता. वरून दोन थेंब तेल सोडल्यावर थोडी हवा भरली, पण आता दट्ट्या आपोआप वर येतो आणि दांड्याभोवती रॉकेल दिसते. बर्नर नळीला घट्ट बसला आहे, निपलमध्ये (रॉकेलची वाफ जिथून फवारते त्या बारीक भोकाच्या तोटीत) पिन शिरत नाही. टाकीला पोचा नाही, बाहेरून हिरवट डाग आहेत. थंडीतल्या ट्रेकला न्यायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी? आणि रॉकेल मिळतच नाही, तर पेट्रोल चालेल का?

पितळखोरा:
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: पेट्रोल अजिबात नाही. या स्टोव्हला ज्योत कमी करायची चावी नसते, ज्योत फक्त टाकीतल्या हवेच्या दाबावर चालते. पेट्रोलच्या स्टोव्हच्या झाकणात दाब सोडणारी सुरक्षा झडप असते, तुमच्या झाकणात फक्त हवेचा स्क्रू आहे. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. तापलेल्या बर्नरखाली तशी टाकी ठेवायची नसते. डिझेलने स्फोट होणार नाही, पण बर्नर काजळीने भरेल. रेशनचे निळे रॉकेल मिळाले तर चालते, खुल्या विक्रीचे पांढरे मिळाले तर उत्तम. पेटवण्याआधी कापडातून गाळून घ्या.

कामाचा क्रम: आधी टाकी, मग पंप, शेवटी बर्नर. बहुतेक जण बर्नरपासून सुरू करतात आणि टाकी गळते आहे हे पेटल्यावर कळते.

टाकीतला तो चिकटा ताज्या रॉकेलने निघत नाही, त्याला एनसी थिनर (रंग पातळ करायचा) किंवा ॲसिटोन लागते. झाकणाचा रबरी वायसर काढून ठेवा. शंभर-दीडशे मिली थिनर आत घाला, एक बारीक साखळी आत सोडून तिचे टोक बाहेर धरा आणि टाकी हलवा. सुटे नट किंवा खडे आत टाकू नका, एखादा राहिला तर कायमचा खडखडतो. उघड्यावर करा, आसपास विस्तव नको. दोन-तीन धुण्यांत पिवळे पाणी यायचे थांबते. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, एक-दोन तास, बस. रात्रभर ठेवले तर पितळातले जस्त निघून पृष्ठभाग गुलाबी तांब्यासारखा होतो आणि मूळ रंग परत येत नाही. धुतल्यावर टाकी उन्हात पूर्ण वाळवा. पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत फुर्र-फुर्र करते आणि तुम्ही बर्नरला दोष देत बसता.

घासलेटवाला:
बाहेरून घासताना अमोनिया असलेले पॉलिश नको. चिंच आणि मीठ किंवा पितांबरीसारखी पावडर पुरते. यामागे कारण आहे. ब्रिटिश लष्कराची भारतातली पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळातला दाबून काम केल्याचा ताण, या दोघांनी मिळून तडे जातात, हे १९२१ मध्ये नीट उलगडले गेले. टाकीही पत्रा दाबूनच बनवलेली असते. वीस वर्षे पडून असलेल्या टाकीला पायांच्या सांध्यापाशी किंवा वरच्या खांद्यावर केसासारखे तडे आहेत का, ते भिंगाने बघा. तडा सापडला तर डाख (सोल्डर) लावून वेळ मारू नका, ती टाकी फक्त शोभेची.

रानवाट, दट्ट्या वर येणे म्हणजे पंपाच्या तळाची उलट-झडप, म्हणजे हवा टाकीत जाऊ देणारी पण परत न येऊ देणारी झडप, गळते. दोन वेगळे दोष आहेत तुमच्याकडे, एक समजू नका. जोर न लागणे हा दट्ट्याच्या टोकाच्या चामड्याच्या वाटीसारख्या वायसरचा दोष होता, तो तेलाने सुटला. रॉकेल वर येणे हा झडपेचा.

पितळखोरा:
बरोबर. चामड्याच्या वाटीला खोबरेल नको, थंडीत गोठते. करडई-जवसाचे तर नकोच, वर्षभरात चिकट लाख होते. शिवणयंत्राचे किंवा इंजिनाचे तेल घ्या. वाटी काढून रात्रभर तेलात, मग बोटांनी काठ बाहेर उलगडा, खालच्या बाजूला उघडी राहील अशी बसवा. काठ फाटला असेल तर जुन्या चपलेच्या मऊ पट्ट्यातून नवी कापता येते. पेट्रोमॅक्स दुरुस्त करणाऱ्यांकडे तयारही मिळते.

उलट-झडपेला पंपाच्या नळीत आत उतरणारा लांब दांड्याचा खास पान्हा लागतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरवलेत तर डोके सोलवटते आणि नंतर कुणालाच निघत नाही. झडपेत स्प्रिंग आणि तिच्या टोकाला बुचाचा किंवा रबराचा छोटा गोळा असतो. वीस वर्षांत तो भुगा होतो किंवा दगड. बदली गोळा नायट्राइल रबराच्या (रॉकेलमध्ये न फुगणाऱ्या) तीन मिलिमीटर शीटमधून भोक-पंचाने कापा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा मोह होतो, पण ते रबर रॉकेलमध्ये फुगते आणि आठवड्यात पुन्हा गळती. झडपेखाली शिशाचा वायसर असतो, तो पातळ झाला असेल तर नवा घाला. शिसे हाताळल्यावर हात धुवा.

रानवाट:
झडप निघाली. गोळा खरंच भुगा होता, बदलला. दट्ट्या आता जागेवर राहतो. पण टाकी गळते का हे बघायचे कसे? हवा भरली की निपलमधून जाणारच ना?

पितळखोरा:
त्यासाठी एक जुने, वाया गेलेले निपल घ्या आणि त्याच्या भोकावर डाखाचा थेंब देऊन बंद करा. ते बर्नरमध्ये बसवले की पूर्ण स्टोव्ह हवाबंद. टाकीत एक थेंबही रॉकेल नको. पंचवीस दट्टे हवा भरा, बादलीत बुडवा. पंपाच्या नळीचा सांधा, बर्नरच्या नळीचा सांधा, तळाची कडा, झाकण, या क्रमाने बुडबुडे शोधा. झाकणाखालून आले तर नायट्राइलचा वायसर. सांध्यातून आले तर डाख नव्याने द्यावा लागेल. टेफ्लॉन टेप गुंडाळून कुठलाही सांधा बंद करू नका, त्याचे तुकडे निपलमध्येच जाऊन अडकतात.

कातळकडा:
पुण्यात असाल तर तांबट आळीत पितळेचे काम जाणणारे हात अजून आहेत. पण डाख द्यायला देण्याआधी टाकी पाण्याने भरून-ओतून वाफ पूर्ण काढा. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते.

रानवाट:
बुडबुडे नाहीत. बर्नर घट्ट होता, टाकीकडची नळी एका पान्ह्याने धरून दुसऱ्याने सोडवला. निपल अडले आहे.

घासलेटवाला:
नळी धरलीत ते चांगले, नाहीतर सांधाच पिळवटतो. अडलेले निपल जोर लावून काढू नका, आटे गेले की बर्नर गेला. सुटा बर्नर गॅसच्या शेगडीवर गरम करा, गरम असतानाच निपलच्या पान्ह्याने डावीकडे हळू फिरवा. निघाले की निपल फेकून नवेच घ्या. भोक साधारण मिलिमीटरच्या एक तृतीयांश असते. वर्षानुवर्षे पिन मारून ते अंडाकृती होते आणि मग ज्योत एका बाजूला पिवळी पडते.

आतली काजळी: निपल काढून बर्नर मंद लाल होईतो तापवा, मग पाण्यात बुडवा. तीन-चार वेळा. कार्बन पापुद्रे होऊन झटकला जातो.

पितळखोरा:
पाण्यात बुडवण्याशी मी सहमत नाही. बर्नरचे सांधे पितळेनेच जोडलेले असतात, दरवेळी झटका सोसतीलच असे नाही. लाल करा, हवेत थंड होऊ द्या, मग लिंबूसत्त्वात अर्धा तास. वेळ जास्त जातो, बर्नर वाचतो. नळ्यांतून सायकल पंपाने हवा मारून बघा, चारही वाटा मोकळ्या हव्यात.

घासलेटवाला:
झटक्याने बर्नर तडकल्याचे मी तरी पाहिलेले नाही, पण तुमची पद्धत जास्त सावध, मान्य. नवा बर्नर घ्यायचा झाला तर इथे बनणारे बर्नर बहुधा बसतात. १८९२ च्या सुमारास स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने काढलेली रचना सगळ्यांनीच उचलली आहे. आटे मोजूनच घ्या.

रानवाट:
पेटवला. पाच मिनिटे निळी ज्योत, मग पिवळा भडका, मग विझला आणि पांढरी वाफ. पुन्हा काडी लावली तर मोठा भडका उडाला. हवा सोडली म्हणून वाचलो.

पितळखोरा:
पांढरी वाफ म्हणजे न जळालेले रॉकेल. त्यावर काडी कधीच नाही. हवेचा स्क्रू उघडा, वाफ विरू द्या, बर्नर थंड होऊ द्या, मगच नव्याने.

पेटवताना: टाकी तीन-चतुर्थांश, म्हणजे चारशे मिलीच्या आत. हवेचा स्क्रू उघडा. बर्नर तापवायला त्याच्या खालच्या वाटीत स्पिरिट काठोकाठ. एका वाटीवर थंडीत भागत नाही, पहिली पूर्ण विझून वाटी थंड झाल्यावर दुसरी. गरम वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतू नका, ज्योत बाटलीत चढते. सॅनिटायझरमध्ये पाणी असते, उष्णता कमी पडते. स्पिरिट संपत आले की स्क्रू बंद, तीन दट्टे. ज्योत निळी धरली की आणखी दहा-बारा. पहिल्याच मिनिटाला तीस दट्टे मारले की अर्धवट तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेल घुसते.

तुमच्या बाबतीत पाच मिनिटे नीट चालला आहे, तेव्हा तापवणे पुरेसे होते. ज्योत टिकून मग पडली तर आधी वाऱ्याचा संशय घ्या, मग टाकीत राहिलेल्या पाण्याचा. रॉकेल काचेच्या बाटलीत ओता, तासभर ठेवा. तळाशी थेंब दिसले की कारण मिळाले.

रानवाट:
तळाशी चमचाभर पाणी होते. टाकी पुन्हा वाळवली, आता वीस मिनिटे सलग निळी ज्योत.

कातळकडा:
वारा अडवायला पत्रा लावाल तर टाकीभोवती पूर्ण वेढा नको, आणि बर्नरपेक्षा फार रुंद भांडे नको. दोन्हींमुळे उष्णता खाली परतते. अधूनमधून टाकीला हात लावा, हात टिकला नाही तर हवा सोडा. बर्नर तापवायचा जुना चिमट्याचा काकडा (स्पिरिटमध्ये भिजवून पेटवायचा) डब्यात असेल तर तो वापरू नका, त्याच्या वातीत ॲस्बेस्टॉस असू शकते. आणि रॉकेल रेल्वेने किंवा एसटीने नेता येत नाही, ते पायथ्याच्या गावी मिळेल का याची चौकशी आधी करा. परत आल्यावर टाकी पूर्ण रिकामी, झाकण सैल.