'दोष काढणे' आणि 'कुसळ काढणे': न्याय, क्षमा, ऋण यांविषयी शब्दचर्चा

(अहिल्यानगरहून, धागा सुरू करताना)

परवा घरात भाचीच्या लग्नावरून वाद झाला. मुलगा ख्रिस्ती नाही, लग्न नोंदणी पद्धतीनं होणार आहे. थोरल्या काकांनी तिला सगळ्यांदेखत चार शब्द ऐकवले. ती म्हणाली, "मला जज करू नका, शास्त्रातच लिहिलंय." काका म्हणाले, "शास्त्रात न्याय करायलाच सांगितलंय, नीट वाच." रात्री मी बायबलमधली दोन्ही वचनं काढून बघितली. दोघांचीही सापडली.

मत्तय ७:१ : "तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका." योहान ७:२४ : "तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा." मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे धातू एकच, 'क्रिनो'. त्याचा जुना अर्थ वेगळं करणं, चाळून घेणं, आणि त्यावरून ठरवणं, निकाल देणं. मराठीत अगदी असाच प्रवास केलेला शब्द आहे: निवाडा. 'निवडणे' आणि 'निवाडा' एकाच कुळातले. आई ताटात तांदूळ निवडते तेव्हा खडे बाजूला काढते, तांदळाला शिव्या देत नाही. 'विवेक' या शब्दाच्याही मुळाशी वेगळं करणंच आहे.

मराठी भाषांतरात या एका धातूची दोन क्रियापदं झाली. 'न्याय करा' हे आज्ञा म्हणून राहिलं आणि 'दोष काढू नका' हे मनाई म्हणून. मला ही निवड फार चांगली वाटते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, जिथलं हे पहिलं वचन आहे, खडे वेचायला बंदी नाही. बंदी आहे ती माणसाला उणं ठरवून आपण वर बसण्याला, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात 'नावं ठेवणं' म्हणतो.

पण मला खरं लिहायचंय ते 'काढणे' या क्रियापदाबद्दल. त्याच उताऱ्यात पुढे येतं, "तू आपल्या डोळ्यातले मुसळ ध्यानात न आणता आपल्या भावाच्या डोळ्यातले कुसळ का पाहतोस?" आणि शेवटी सांगितलंय की आधी स्वतःचं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचं आहेच! ते तसंच राहू दे, असं येशू म्हणतच नाही. पहिल्या वचनात 'दोष काढू नका' आणि पाचव्यात 'कुसळ काढ'. एका 'काढणे'त दोष जिथे होता तिथेच राहतो, फक्त चारचौघांना दिसतो. दुसऱ्या 'काढणे'त तो खरोखर बाहेर येतो आणि डोळ्याला आराम पडतो. ही जोडी ग्रीकमध्ये नाही. तिथे पहिलं क्रियापद 'क्रिनो' आणि दुसरं 'एकबालो', म्हणजे बाहेर टाकणं. मराठीत शास्त्र वाचणाऱ्यालाच हे मिळतं, आणि मंडळीत यावर कुणी बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

(पुण्याहून)

मुसळ आणि कुसळ हे यमक मराठीचंच. ग्रीकमध्ये 'दोकोस' म्हणजे घराची तुळई आणि 'कार्फोस' म्हणजे वाळकी काडी. तुळईऐवजी मुसळ घेतलं म्हणून वचन थेट स्वयंपाकघरात आलं. महाभारतात आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला जवळपास हेच ऐकवते: दुसऱ्याची मोहरीएवढी छिद्रं तुला दिसतात आणि स्वतःची बेलफळाएवढी दिसत असूनही दिसत नाहीत. तिथे मात्र फक्त दिसण्याची तक्रार आहे, काढण्याची गोष्ट नाही. तुमचा मुद्दा त्यामुळे अधिकच पटला.

(वसईहून)

'जज करणे' या शब्दावर थोडं. जुलै २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांच्या प्रश्नाला उत्तर दिलं. एखादी व्यक्ती समलिंगी असेल, देवाचा शोध घेत असेल आणि तिची इच्छा प्रामाणिक असेल, तर न्याय करणारा मी कोण, असं ते वाक्य होतं. त्यातला शेवटचा तुकडाच जगभर गाजला. कुणी तो 'शिकवण बदलली' असा वाचला, कुणी 'पोप घसरले' असा. माझ्या मते ते 'दोष काढू नका'चंच वचन होतं, योहान ७:२४ रद्द करणारं नव्हतं.

१८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाबाबतही शब्दांनीच घोळ केला. समलिंगी जोडप्यांना धर्मगुरू आशीर्वाद देऊ शकतात, पण विवाहविधीसारखं काही वाटेल असं करायचं नाही, असं त्यात होतं. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी तेही आपल्याकडे होणार नाही असं कळवलं. आपल्याकडे मात्र जो तो 'चर्चची मान्यता' म्हणत होता. आशीर्वाद, संस्कार आणि मान्यता हे तीन वेगळे शब्द आहेत. आपली आजी पाया पडणाऱ्या प्रत्येकाला आशीर्वाद देते, ती काय त्याच्या सगळ्या वागण्याला मान्यता देते? माझ्या ओळखीचे दोन तरुण या प्रश्नापायी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) यायचे थांबले. म्हणून हे शब्द जपून वापरावेत असं मला मनापासून वाटतं.

(पणजीहून)

क्षमेबद्दलही लिहा ना कुणीतरी. आमच्या कोंकणीत पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात, पोर्तुगीज 'कोंफेसार'वरून आलेला. त्या शब्दात 'कबूल करणं' आधी आहे, क्षमा नंतर.

(अहिल्यानगरहून)

लिहितो. 'क्षमा'चा धातू 'क्षम्', म्हणजे सहन करणं. म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, ती सगळं सोसते. 'माफी' अरबीतून फारसीमार्गे आली, शेतसारा माफ होतो तो हाच शब्द. आणि अस्सल मराठी म्हणजे 'अपराध पोटात घालणे'. गणपतीपुढे हात जोडून 'घाल पोटी' म्हणतच आपण लहानाचे मोठे झालो.

मत्तयमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत मात्र यातला एकही शब्द नाही. मत्तय ६:१२ : "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." ग्रीक शब्द कर्जाचाच आहे. लूक ११:४ मध्ये देवाकडे मागताना 'पापं' म्हटलंय, पण माणसांकडे येताना तिथेही 'आमचा प्रत्येक ऋणी' असंच आहे.

'पोटात घालणे' आणि 'सोडणे' यांची दिशाच उलटी आहे. पोटात घातलेलं आत राहतं. सोडलेलं हातातून जातं. आणि ऋण सोडायचं तर ते किती होतं हे आधी मोजावं लागतं. मत्तय १८ मधल्या दृष्टांतात धनी आधी हिशेब मांडतो. चाकराचं देणं १०,००० तालांत. एका तालांताचे साधारण ६,००० दिनार धरले तर ६ कोटी दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेवढं सुटलेला तो चाकर बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हा हिशेब मांडला नाही तर गोष्टीत काही उरतच नाही. म्हणून निवाडा आणि क्षमा यांना मी एकमेकींच्या विरुद्ध मानत नाही. ज्याचा निवाडा झालेला नाही त्याची क्षमा करणार तरी कशी?

(सोलापूरहून)

दादा, वाचायला हे छान आहे. मी ११ वर्षं मार खाल्ला. पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) गेले तर म्हणाले, "सत्तर वेळा सात, क्षमा कर आणि घरी जा." हिशेब कुणीच मांडला नाही. माझ्यासाठी 'क्षमा' या शब्दाचा अर्थ 'गप्प बस' असाच झालाय. यावर तुमचा शब्दकोश काय सांगतो?

(अहिल्यानगरहून)

ताई, तुम्हाला सांगितलं ते चुकीचं सांगितलं. पाळकांनी त्या अध्यायाचा अर्धा भागच वाचला. किती वेळा क्षमा करायची याचं 'सत्तर वेळा सात' हे वचन मत्तय १८:२२ मध्ये आहे. त्याआधी, १५ ते १७ मध्ये, अपराध करणाऱ्याला त्याचा अपराध दाखव, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग, आणि तिचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज, असा क्रम दिलाय. तो क्रम पार पाडणं पाळकांचं काम होतं. ते त्यांनी तुमच्यावरच टाकलं.

दुसरं म्हणजे, 'क्षमा' आणि 'समेट' हे वेगळे शब्द आहेत. शास्त्रातही दोन्ही वेगवेगळे येतात. क्षमा एकट्यानं करता येते. समेटाला दोघं लागतात. 'घरी जा' हा समेट होता, आणि तो मागण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जीपमध्ये जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खटला चालला. मुख्य आरोपीला झालेली फाशी उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेप कायम केली. त्या बाईंनी ऋण सोडलं, पण खातेवही फाडली नाही. तुम्ही पोलिसांत गेलात किंवा वेगळ्या राहिलात, तर त्यामुळे तुमच्या क्षमेत काही कमी होत नाही. आणि आज क्षमा करता येत नसेल, तर येत नाही. त्यासाठी तुमचे दोष काढायचा हक्क कुणाला नाही.

(सोलापूरहून)

'खातेवही फाडली नाही' हे लक्षात ठेवीन. वेगळी राहते आता, ४ वर्षं झाली.

(इंदूरहून)

इथलं एक उदाहरण. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये खून झाला. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तोवर त्यानं तुरुंगात काही वर्षं काढली होती, आणि राखीनंतरही तो २००६ पर्यंत आतच होता. समेट यालाच म्हणावं, कारण हात त्यानंही पुढे केला.

(शेवगावहून)

कुसळाबद्दल राहिलंच. आमच्या माळावर कुसळी गवत आहे. शेळ्यांमागं फिरताना ते कपड्यात घुसतं, कधी डोळ्यात. त्याला बारीक उलटे काटे असतात. उलटं ओढलं की मोडतं आणि टोक आतच राहतं. आई डोकं मांडीवर घ्यायची, पदराचं टोक ओलं करायची आणि ज्या बाजूनं कुसळ गेलं असेल त्या बाजूनं हळूच पुढं सारायची. लांब उभं राहून ते कुणाला काढता आलेलं मी पाहिलं नाही.

(अहिल्यानगरहून)

हे मला ठाऊक नव्हतं. काकांना आज संध्याकाळी हे वाचून दाखवतो. ते शेवगावचेच आहेत.