मदत हवी आहे: ऊसतोडीला गुजरातला गेल्यावर सिकलसेलच्या गोळ्या कुठून घ्यायच्या?

आमच्या धडगावकडचं पावरा कुटुंब आहे, दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जातं ते थेट उन्हाळ्यातच परत येतं. त्यांच्या 9 वर्षांच्या पोरीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजारच, नुसती वाहक नाही. इथं सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सीयुरिया नि फॉलिक अ‍ॅसिड फुकट मिळतं पण महिन्याचंच देतात, मधे सीबीसी (रक्ततपासणी) करावी लागते म्हणून, ते बरोबरच आहे म्हणा. पण पडावावर (तोडकऱ्यांच्या तळावर) पहाटेची थंडी, प्यायला पाणी कमी, आणि नेमकं त्यानंच अंगदुखी उठते.

घरी सांभाळायला कोणी नाही आणि उचल घेतलेली आहे, तर "पाठवू नका" हा सल्ला प्लीज नको. आशाताईंना विचारलं, त्यांना तिकडचं माहीत नाही, मुकादम म्हणतो तिकडं गेल्यावर बघू (त्याचं नेहमीचंच). सिकलसेल कार्ड, रिपोर्ट, आधार सगळं आहे, पत्ता नंदुरबार जिल्ह्याचा.

2023 चं केंद्राचं सिकलसेल मिशन गुजरातमधेही आहे ना, मग इथलं कार्ड तिथल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) चालतं का? कोणी तिकडं सीबीसी करून गोळ्या घेतल्यात का, की इथूनच रेफर चिठ्ठी न्यावी लागते, आणि ती नेमकी कोणाच्या सहीची?