खेड्यातल्या जवानाचं नाव पुढे करून पोरींना पायदळाबाहेर का ठेवता?

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी, द्यायला सांगितलं. त्या खटल्यात केंद्र सरकारने लेखी मांडलेला एक मुद्दा असा होता: जवान बहुतांश ग्रामीण भागातून येतात, तिथले सामाजिक संस्कार पाहता बाईच्या हुकुमाखाली काम करायची त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही. न्यायालयाने तो खोडून काढला. पण मला तो आजही झोंबतो, कारण त्यातले 'ग्रामीण' म्हणजे आम्हीच.

आमच्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंच बाई, पोलीस पाटील बाई, शाळेत मुख्याध्यापिका, आरोग्य उपकेंद्रात सिस्टर. याच गावातला पोरगा फौजेत गेला की त्याला बाईचा हुकूम सोसवत नाही, हे कोणी ठरवलं? आम्हाला विचारलं होतं का?

तो निकाल लढाऊ दलांबद्दल नव्हता, हे मला माहीत आहे. त्यानंतर बरंच बदललं. २०२१ मध्ये न्यायालयाने मुलींना एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेला बसू दिलं आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ मुली खडकवासल्याहून पास होऊन निघाल्या. २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्या पाच महिला अधिकारी गेल्या. हवाई दलात तर २०१६ पासून मुली लढाऊ विमानं उडवतात. पण पायदळ, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री (चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ) अजून बंदच आहेत. आणि जवान म्हणून भरती व्हायचं तर खेड्यातल्या मुलीला लष्करात एकच दार आहे, मिलिटरी पोलीस. तिथली पहिली ८३ मुलींची तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली. त्याच्या पुढचं काही मागायचं नाही?

मी शाळेत पीटी शिकवते. सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरी माझ्याकडे येतात. माझं म्हणणं इतकंच आहे: कसोटी एकच ठेवा, मुलगी म्हणून एका सेकंदाचीही सूट देऊ नका, आणि जी उतरेल तिला पायदळात घ्या. कोणी नाही उतरली तर नाही. पण दारच बंद ठेवून "पोरींना जमत नाही" म्हणू नका.

निवृत्त सुभेदार, बुलढाणा

मॅडम, तुमच्या तळमळीला सलाम. पण मी पायदळात आयुष्य काढलं आहे, आणि मी विरोधातच आहे.

पहिला मुद्दा तुमच्या बाजूने. जवान हुकूम मानत नाही हे साफ खोटं. जवान रँक बघतो. समोरचा अधिकारी कामाचा आहे की नाही, हे त्याला आठ दिवसांत कळतं. सरकारने ते लिहायला नको होतं.

पण पायदळ म्हणजे काय ते समजून घ्या. पाठीवर पिठ्ठू, अंगावर जॅकेट, रायफल, मॅगझिन, पाणी, आणि पोस्टवर चढताना वाटून दिलेला दारूगोळा किंवा रेडिओची बॅटरी. हे घेऊन रात्रभर चढायचं आणि वर पोचल्यावर लढायचं. सोबतचा जवान जखमी झाला तर त्याचं वजन त्याच्या सामानासकट ओढून आणायचं. तिथे चौथा माणूस मदतीला नसतो. एक जण कमी पडला तर सेक्शनमधल्या, म्हणजे छोट्या तुकडीतल्या, बाकीच्यांच्या जिवावर येतं.

अमेरिकेच्या मरीन कोअरने २०१५ मध्ये याच गोष्टीची चाचणी घेतली. १३४ कामांपैकी ९३ कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. स्नायू आणि हाडांच्या दुखापती पुरुषांमध्ये १८.८ टक्के, महिलांमध्ये ४०.५ टक्के. हे माझं मत नाही, मोजलेलं आहे.

आणि "सूट नको" हे आज तुम्ही म्हणता. उद्या दहातल्या नऊ पोरी बाद झाल्या की मोर्चा निघेल, विधानसभेत प्रश्न येईल आणि कसोटी खाली येईल. पोलीस भरतीत काय झालं?

भरतीवाली (अचलपूर)

काका, पोलीस भरतीचं तुमीच काढलं तर सांगतो. पोट्ट्याइले १६०० मीटर, आमाले ८००. त्याइचा गोळा सव्वासात किलोचा, आमचा चार किलोचा. हे अर्धं आमी कोनी मागतलं होतं? आमाले कोनी इचारलंच नाही. मी रोज पोट्ट्याइच्या संगं १६०० मारतो. त्यातले बरेच माह्या मागं रायतात, काही पुढं जातात. जे पुढं जातात त्याइले घ्या ना, मी कुठं नाही म्हनतो. पन जे माह्या मागं रायले ते पायदळात जाऊ शकतात अन् मी नाही, हे काऊन?

ग्राउंडच्या दिवशी रात्री तीनपासून लाइनीत उभं ठेवतात. पोरींसाठी बाथरूम नसते, मनून आमी आदल्या दिवसापासून पानीच पेत नाही. कोरड्या तोंडानं धावतो. त्याचं बी माप घ्या कधी.

चांदूरवाला

सरपंचाचं उदाहरण काही पटलं नाही ताई. आमच्या गावात बाई सरपंच आहे. ग्रामसभेत खुर्चीवर ती बसते आणि बोलतो नवरा. बिलावर सही तिची, हिशेब त्याचा. अर्ज द्यायला गेलं तर "साहेबांना भेटा" असं तीच सांगते. निम्म्या जागा कागदावर दिल्याने मन बदलत नाही, तेव्हा सरकारने कोर्टात जे लिहिलं ते कडू असलं तरी अगदीच बिनबुडाचं नव्हतं. फौजेत हुकूम कागदावरचा चालत नाही.

वैनगंगा (गडचिरोली)

इथे सगळे बाईला जमेल की नाही यावर बोलत आहेत. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न कधीच मागे पडला.

चाळीस वर्षं आमच्या जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्या नक्षलवाद्यांच्या दलमांत (सशस्त्र तुकड्यांत) बाया होत्या, थोड्याथोडक्या नव्हे. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांसमोर शरण आलेली तारक्का अनेक दशकं भूमिगत होती. त्यांचा मार्ग मला कधीच मान्य नव्हता. मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याला सुरुंगात पंधरा पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेले, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरात रडारड झाली आहे. पण भामरागड, एटापल्लीच्या डोंगरात पावसाळ्यात रात्ररात्र चालायचं, पाठीवर तांदूळ आणि काडतुसं घेऊन, हे गोंड-माडिया पोरींनी केलं आहे हे कोणी नाकारू शकत नाही. त्यांच्याशी लढायला सरकारलाही शेवटी बायाच लागल्या. दंतेवाड्यात २०१९ मध्ये महिला कमांडोंची तुकडी उभी राहिली, सीआरपीएफने २०२१ मध्ये जंगलात लढणाऱ्या आपल्या कोब्रा कमांडो दलात महिला घेतल्या. गोळी झाडणारी बाई इथे आहे, गोळी खाणारी बाईही आहे. देशाच्या पायदळाला मात्र ती अजून सापडलेली नाही.

निवृत्त सुभेदार, बुलढाणा

वैनगंगा, जंगलातल्या दलमाची आणि पायदळाची तुलना करू नका. दलम हलकं चालतं, घात लावतं, दहा मिनिटांत पांगतं. पायदळाला जागा धरून बसावी लागते, समोरून तोफा चालू असताना. ज्याला पळायची मुभा नाही त्याच्यावर पडणारं ओझं वेगळं असतं.

कपाशी (यवतमाळ)

दोन्ही बाजूंनी बोलणारे चालण्या-धावण्याचंच मोजताहेत, म्हणून लिहिते. मी शेतकरी आहे, माझा दीर बीएसएफमध्ये आहे, घरात मुलगी आहे. माझा विरोध आहे आणि तो पोरी कमजोर आहेत म्हणून नाही.

बाईला ओझं उचलता येत नाही असं मला कोणी सांगू नये. ओटी बांधून दिवसभर कापूस वेचायचा, संध्याकाळी त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने काट्यापर्यंत आणायचं, मोजून झाल्यावर घरी जाऊन स्वयंपाक. मजुरी मात्र गड्यापेक्षा कमी. ताकदीवर प्रश्न नाहीच.

माझा प्रश्न असा की पायदळात जातं कोण? पुण्या-मुंबईच्या मुली एनडीएतून अधिकारी होतील, त्यांचं कौतुकच आहे. पण पायदळातला साधा जवान कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून येतो, आणि २०२२ पासून तो अग्निवीर म्हणून येतो. चार वर्षं. त्यानंतर शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना ठेवणार, बाकीच्यांच्या हातात सेवानिधीचे बारा लाखांच्या आतले पैसे. पेन्शन नाही. बुलढाण्याच्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला गेला, लष्करी मोहिमेवर असताना प्राण देणारा पहिला अग्निवीर. आधी पोरांना नीट नोकरी द्या. समानतेच्या नावाखाली आमच्या पोरींनाही त्याच चार वर्षांच्या रांगेत उभं करायचं, याला मी हक्क म्हणणार नाही. विदर्भात शेतकऱ्याच्या घरी मरण आधीच फार झालं आहे.

बाजारगावजवळचा

कपाशीताई, तुमचं दुःख समजतं. पण पोरींना मरणापासून कोण वाचवून ठेवतंय? १७ डिसेंबर २०२३ ला आमच्या बाजारगावजवळ स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यात सहा बाया होत्या. आजूबाजूच्या गावांतल्या पोरी, कोणाची कर्ती मुलगी, कोणाची नवी सून. सकाळच्या शिफ्टला डबा घेऊन गेलेल्या. गेटबाहेर लोक दिवसभर उभे होते, ओळख पटवायलाही काही उरलं नव्हतं. त्यांना ना रँक होती, ना तिरंगा. दारूगोळा भरताना बाई चालते, तो वापरताना चालत नाही. नाजूकपणाची काळजी तिथे कुठे गेली होती?

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर)

सगळ्यांचं वाचलं. बाजारगावचं वाचून काही वेळ लिहवलं नाही.

सुभेदार साहेब, मरीनच्या चाचणीचे आकडे मी नाकारत नाही. पण ते तुकड्यांचे सरासरी आकडे आहेत. भरती सरासरीची होत नाही, एकेका माणसाची होते. सरासरी पोरगाही पायदळात जात नाही, माझ्या गावातले कितीतरी पोरं ग्राउंडवरूनच परत येतात. ते अहवाल समोर असूनही अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये सगळी लढाऊ पदं मुलींना खुली केली, आणि ती पदाची कसोटी पार करण्याच्या अटीवर. मी तेवढंच मागते. जखमी जवानाला ओढून आणायची चाचणी ठेवा, पूर्ण वजनाची. पिठ्ठू घालून रात्रभर चढवा. दहातल्या नऊ बाद झाल्या तर त्या नवांना मी स्वतः घरी आणीन, मोर्चात जाणार नाही. पण जी एक उतरली, तिला घ्या.

दुखापतींचं मात्र मला इथल्या मातीतून बोलायचं आहे, कारण रोज डोळ्यांनी बघते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांची पोरगी येते, चार फेऱ्यांत तिचे ओठ पांढरे पडतात. विचारलं तर सकाळी काळा चहा आणि रात्रीची पोळी. भावाच्या ताटात अंडं असतं, तिच्या नसतं. नडगीचं हाड ठणकत असताना फाटक्या कॅनव्हासच्या बुटांत ती डांबरावर धावते. लहानपणापासून अर्धपोटी ठेवायचं, खेळू द्यायचं नाही, मग अठराव्या वर्षी तिला लवकर दुखापत होते म्हणून निसर्गाकडे बोट दाखवायचं, हे मला मान्य नाही. ज्या दोघी-तिघींच्या घरी मी भांडून दूध, अंडी, गूळ-शेंगदाणे सुरू करवले, त्यांचं धावणं एका हंगामात ओळखू येईना. शरीरातला फरक उरेलच, तो मी पुसत नाही. पण तो किती, हे आपण अजून पाहिलेलंच नाही.

चांदूरवाले भाऊ, खुर्चीवर बाई आणि बोलतो नवरा, हे खरं आहे. पण फौजेत नवरा सोबत येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचीनच्या कुमार पोस्टवर, साडेपंधरा हजार फुटांच्या वर, तैनात झाल्या. तिथे सही एकीची आणि हिशेब दुसऱ्याचा असं चालत नाही.

कपाशीताई, १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा दारावर सीआरपीएफच्या कमलेश कुमारी होत्या. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, वॉकीटॉकी होता. त्यांनी आरडाओरड करून सावध केलं आणि गोळ्या झेलल्या. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. बाईला धोक्याच्या जागी उभं करायला कोणाची हरकत नाही, हरकत तिच्या हातातल्या हत्याराला आहे. माझा राग त्यावर आहे.

निवृत्त सुभेदार, बुलढाणा

मॅडम, खाण्याचं तुम्ही लिहिलं ते शंभर टक्के खरं. माझं पायदळाबद्दलचं मत बदललेलं नाही. तोफखाना, सिग्नल, इंजिनिअर्स, हवाई संरक्षण, इथे मुली जवान म्हणूनही घ्याव्यात, याला मी लेखी पाठिंबा देईन. आज तिथे फक्त अधिकारी महिला आहेत. आधी ते मागा, ते मिळण्यासारखं आहे. पायदळाचं सरकार ऐकणार नाही, आणि माझ्या मते ऐकूही नये.

आणि अचलपूरच्या पोरीला सांगतो: १६०० मारतेस ते चांगलं. आता पाठीवर दहा किलो रेती घालून मार, हळूहळू वाढव, आणि डांबरावर नको, मातीवर. गुडघे जातील.

भरतीवाली (अचलपूर)

बरं काका. रेती नदीतून आनतो. पन पायदळाचं मी सोडत नाही.

कपाशी (यवतमाळ)

मॅडम, कमलेश कुमारींचं वाचून अंगावर काटा आला. त्यांच्या हातात बंदूक असायला हवी होती, यात वादच नाही.

पण सुभेदार साहेबांनी चार दलं मोजून दिली, तुम्ही पायदळ मागता, ही पोर रेती भरायला निघाली, आणि चार वर्षांनंतर काय यावर एकाही प्रतिसादात ओळ नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ती परत येईल. तिचं कॉलेज सुटलेलं असेल. पोरगा परत आला तर निदान शेत त्याच्या नावावर होतं. पोरीच्या नावावर आमच्याकडे अजूनही काही होत नाही. ती कोणत्या घरात परत येणार, माहेरी की सासरी, आणि कशाच्या जोरावर? याचं उत्तर द्या, मग तुम्ही अर्ज केलात तर त्यावर मी सही करते.