बोटीत ज्या कंपनीचं इंजिन, तिच्याकडे गावासाठी काही मागता येतं का?

हर्णैच्या बाई

नमस्कार मंडळी. मी हर्णै बंदराजवळच्या एका शाळेत शिकवते. इथे चाकण-पिंपरीत नोकरी करणारे आणि गावच्या मंडळांचे हिशोब सांभाळणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आमच्या शाळेतली बरीचशी मुलं मच्छीमारांच्या घरची. दहावी झाली की एक तर बोट, नाहीतर मुंबई. त्यातही खलाशाचं काम करायला आता इथली मुलं फारशी तयार नसतात, बोटींवर नेपाळहून आलेली माणसं दिसतात. पण इंजिनाचं नाव काढलं की याच मुलांचे डोळे चमकतात. वर्गात अपूर्णांकांना कंटाळणारा मुलगा गिअरबॉक्सचं रिडक्शन मला नीट समजावून सांगतो.

ट्रॉलरच्या पोटात असतं ते बहुतेक ट्रकच्याच जातीचं डिझेल इंजिन. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, कुठेही विचारा, पहिलं नाव निघतं लेलँडचं. म्हणजे गाड्या बनवणाऱ्या देशी कारखान्यांशी आमचा संबंध रस्त्यापेक्षा समुद्रातून जास्त आहे. आणि ही इंजिनं उघडणारे मिस्त्री मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्यांनाच इंजिन खोलायचं असतं आणि सगळेच त्याच दोन-चार माणसांच्या मागे. १ ऑगस्टला शेजारची बोट बाहेर पडते आणि आपली इंजिनासाठी किनाऱ्यावर अडकते, तेव्हा त्या घरात काय होतं ते मी पाहिलंय.

गाडी कंपन्या गावांसाठी पैसे खर्च करतात असं वाचते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गाड्यांचा कारखाना नाही. मग आम्ही मागू शकतो का? आणि काय मागावं? गावात बहुतेकांचं मत आहे की बाकं आणि पाण्याचा फिल्टर मागावा, ते लगेच मिळतं. मला इंजिन हवंय. एक जुनं, मुलांना पुरतं उघडून पुन्हा बांधता येईल असं, आणि शिकवणारा माणूस.

चाकणकर (मूळचा आंजर्ले)

बाई, तुमचं पत्र वाचून राहवलं नाही. मी चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे.

आधी कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी वा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर (यालाच सीएसआर म्हणतात) घालायचे. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. त्याच कलमात पुढे लिहिलंय की कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

कारखान्याभोवतीचं काम खोटं नसतं. बजाजचे कारखाने आकुर्डी, वाळूज आणि चाकणला, आणि त्यांच्या जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्थेचं काम मुख्यतः पुणे आणि संभाजीनगरकडच्या गावांत. अशोक लेलँडचा एक कारखाना होसूरला, तर त्यांचा सरकारी शाळांमधला ‘रोड टू स्कूल’ उपक्रम त्याच कृष्णगिरी जिल्ह्यात रुजला. टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कामगारांच्या घरच्या बायकांची गृहिणी सोसायटी आहे, त्या लोणची-मसाल्यांबरोबर गाडीच्या वायरिंगचे हार्नेसही बांधतात. हे मला सगळ्यांत आवडतं, कारण तिथे मदत आणि कारखान्याचं काम एकमेकांपासून वेगळं राहिलेलं नाही. घरातल्या बाईने बांधलेली वायर गाडीत बसते.

पण कोकण या हिशोबात कुठेच येत नाही. आपण इंजिनं घेतो, ट्रक घेतो, टेम्पो घेतो. आपली पोरं इथे लाइनवर उभी आहेत. आमच्या एका शिफ्टमध्ये खेड, मंडणगड, संगमेश्वरची माणसं भेटतात. मुलं चाकणला, पैसा चाकणला आणि शाळेच्या नव्या खोल्याही चाकणलाच. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

‘स्थानिक भाग’ म्हणजे किती किलोमीटर, हे कायद्यात कुठेच ठरवलेलं नाही. शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयानेच पुढे स्पष्ट केलंय की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, कंपनीने स्थानिक गरज आणि देशाची गरज यांचा मेळ घालायचा. म्हणजे दार बंद नाही. ‘भारतात बनलेलं इंजिन’ असं आपण अभिमानाने म्हणतो, पण ते एका गावात बनतच नाही. ओतकाम एकीकडे, मशीनिंग दुसरीकडे, जुळणी तिसरीकडे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून गाडी कंपन्यांना कास्टिंग जातं, आणि आंबा घाट चढला की कोल्हापूर रत्नागिरी शहराला पुण्यापेक्षा जवळ. जे इतक्या ठिकाणी बनतं, त्याचा परिसर एकाच कुंपणाभोवती का मोजायचा? कंपनीला लिहाल त्या पत्रात हा मुद्दा जरूर घाला.

काय मागावं यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. बाकं जिल्हा परिषदेकडे मागा, आमदार निधीतून मागा. गाडी कंपनीकडे ते मागा जे तिच्याशिवाय कुणाकडे नाही. टेस्टिंगला वापरून बाजूला काढलेलं इंजिन, कापून आतलं दाखवणारं मॉडेल, टॉर्क रेंच, फिलर गेज, आणि वर्षातून काही आठवडे त्यांचा ट्रेनर.

आणि एक गोष्ट समाजकामाच्या पैशांपलीकडची. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ती जागा कुणाला द्यायची हे कंपनी ठरवते. दापोलीच्या आयटीआयमधून किनाऱ्यावरची काही मुलं दरवर्षी घ्या, असं लेखी मागा. आणि इथे आल्यावर राहण्याची सोयही मागा. एका खोलीत दहा-दहा जण झोपतात बाई, स्टायपेंड भाड्यात जातो, आणि पोरगा गावाला परत येतो. मग घरचे म्हणतात, टिकला नाही.

परळचा हिशोबनीस

मी आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा खजिनदार आहे आणि कंपन्यांच्या अशा निधीचे कागद करून देतो. चाकणकरांशी बाकी सहमत, पण पत्रात ‘हक्क’ हा शब्द घालू नका. हा निधी कुठे द्यायचा ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. तुमचा मुद्दा भक्कम आहे, तेवढाच मांडा.

आता अडतं कुठे ते सांगतो. शाळेची समिती किंवा गावकरी म्हणून तुम्हाला ही रक्कम सहसा घेता येणार नाही. एक तर कंपनी स्वतः काम करते, नाहीतर नोंदणी झालेली संस्था लागते: सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या दोन्ही नोंदण्या, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला नंबर. कोकणातल्या पुष्कळ गावांची मुंबईत मंडळं आहेत आणि धर्मादाय आयुक्तांकडे त्यांची नोंदणीही आहे. पण ८०जी काढलेलं नसतं, ऑडिट रखडलेलं असतं. गणपती आणि पालखीपलीकडे या मंडळांनी एवढं एक काम केलं तर गावासाठी केवढी वाट मोकळी होईल! तुमच्या गावच्या मंडळाला आजच फोन करा.

दुसरं, जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या खर्चात धरता येत नाही, आणि स्वतःच्या मालाची जाहिरात होईल असं प्रायोजकत्वही नाही. म्हणून ‘तुमच्या इंजिनांचे मिस्त्री तयार करा’ असं लिहिलंत तर त्यांचाच वकील अडवेल. ‘कुठल्याही कंपनीचं डिझेल इंजिन दुरुस्त करता येईल असं प्रशिक्षण, सर्वांसाठी खुलं’ असं लिहा. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात रोजगार वाढवणारी व्यावसायिक कौशल्यं स्पष्ट लिहिलेली आहेत, त्यात हे नीट बसतं.

वर्षाचा कृती आराखडा संचालक मंडळासमोर जातो. पत्र डिसेंबर-जानेवारीत पोचलं तर पुढच्या वर्षात विचार होतो. मार्चअखेर पाठवलेली पत्रं तशीच पडून राहतात. कुठल्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात किती खर्च केला ते सरकारच्या सीएसआर पोर्टलवर दिसतं. रत्नागिरीचं पान काढून पत्राला जोडा.

मिरकरवाडा मिस्त्री

मी बोटींची इंजिनं करतो. वरच्या दोघांचं कायद्याचं बरोबर असेल, पण बाई, नुसतं ट्रकचं इंजिन मागू नका. ट्रकला समोर रेडिएटर असतो, गाडी पळते, वारा लागतो. बोटीत इंजिन खाली बंद जागेत. तिथे हीट एक्स्चेंजर, एका बाजूने इंजिनाचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूने समुद्राचं खारं, आणि ते खारं पाणी ओढायला वेगळा पंप. मरीन गिअरबॉक्स वेगळा, त्याच्या मागे शाफ्ट, मग बोट ढकलणारा पाण्यातला पंखा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बऱ्याचदा इंजिनाच्या नसतातच. पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चक्र, फाटलेला, एक्स्चेंजरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या, झिंक, म्हणजे खाऱ्या पाण्याने बाकीचा धातू खाऊ नये म्हणून बसवलेला जस्ताचा तुकडा, झिजून संपलेलं तरी कुणी बदललेलं नाही. इंजिन तापतं, हेड जातं, आणि नाखवा म्हणतो इंजिन खराब लागलं. झिंक वेळेवर बदलायला कुणी शिकवलं असतं तर मोठा खर्च वाचला असता.

आयटीआयत डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, मोटार मेकॅनिक दोन वर्षांचा. तिथून आलेल्या मुलाला नोझल, टॅपेट सगळं कळतं, पण मरीनचा भाग त्याने पाहिलेला नसतो. त्याला खाऱ्या पाण्याची बाजू दाखवावी लागते, मग तो पटकन तयार होतो. कंपनीचा ट्रेनर आला तर तो मरीन विभागातला पाहिजे, ट्रकवाला नको. बंदीच्या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा शिकायला खरी इंजिनं समोर असतात. मी येईन शिकवायला, पैसे नकोत. हर्णैला राहायची सोय तेवढी करा.

हर्णैच्या बाई

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मिस्त्रीदादा, राहायची सोय आमच्या घरी. यजमान स्वतः बोटीवर होते, त्यांना तुमच्याशी बोलायला मिळालं तर आनंदच होईल.

आज मच्छीमार सोसायटीत बोलले. लिलावाच्या गडबडीत कुणी ऐकेल असं वाटलं नव्हतं, पण जून-जुलैसाठी शेड द्यायला तयार आहेत. बाकांचा विषय काढणारे एक सदस्यच म्हणाले, बाकं आपण वर्गणीतून करू. मंडळाच्या खजिनदारांना फोन केला. नोंदणी आहे, १२ए आहे, ८०जी नाही. हिशोबनीसदादा, त्यांचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते, कृपया मार्गदर्शन करा.

पत्रात सध्या एवढं घेतेय: सर्व कंपन्यांच्या इंजिनांसाठी खुलं प्रशिक्षण, बंदीच्या काळात, दापोलीच्या आयटीआयला बरोबर घेऊन, एक इंजिन मरीन जोडणीसकट, मरीन विभागातला ट्रेनर, शिकाऊ उमेदवारीच्या जागा आणि त्यांच्या राहण्याची सोय. पत्र एकाच कंपनीला न पाठवता इंजिनं बनवणाऱ्या तीन-चार कंपन्यांना पाठवीन.

आणि मुलींसाठी जागा राखून ठेवायला सांगणार आहे. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, मला पण चालेल का? तिच्या वडिलांची बोट आहे आणि घरात मुलगा नाही. मी तिला हो म्हटलंय. चाकणकरदादा, तुमच्याकडे इंजिनाच्या लाइनवर मुली आहेत का, आणि त्यांच्या राहण्याचं काय करतात, तेवढं कळवा. पत्रात तो परिच्छेद अजून लिहायचा आहे.

चाकणकर (मूळचा आंजर्ले)

आहेत बाई, आणि वाढतायत. टाटा मोटर्सने पिंपरीला गाड्यांची एक अख्खी जुळणीची लाइन बायकांच्या हाती दिली आहे. आमच्याकडे इन्स्पेक्शनला मुली आहेत, गेज माझ्यापेक्षा स्थिर हाताने धरतात. राहण्यासाठी काही कंपन्या वसतिगृह ठरवून देतात आणि बस दारापर्यंत येते, रात्रपाळीलाही. ‘वसतिगृह आणि दारापर्यंत वाहतूक’ हे शब्द पत्रात तसेच घाला, नुसतं ‘योग्य सोय’ लिहू नका. मसुदा झाला की इथे टाका, मी आमच्या एचआरमधल्या ताईंना दाखवतो.