घरातली, चाळीतली, डब्यातली 'वेगळी' माणसं : तुमचे अनुभव लिहा

गिरणगावकरीण
काल संध्याकाळी लालबागच्या बसस्टॉपवर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसला होता. नेहमीची बस दुसरीकडून वळवली होती (खोदकाम, दुसरं काय). आई म्हणाली, ही दुसरी घेऊ, तर चढेना. कानांवर हात, पुढेमागे झुलणं आणि एकच वाक्य, 'पुढचा थांबा भारतमाता, पुढचा थांबा भारतमाता.'

गर्दीतून सल्ले सुरू. 'एक ठेवून द्या, उठेल.' 'एवढा घोडा झालाय.' आई काही न बोलता त्याच्याशेजारी रस्त्यावर बसली. पर्समधून एक कार्ड काढून लोकांकडे धरलं. 'तो ऑटिस्टिक आहे. गर्दी करू नका, थोडा वेळ द्या.' पंधरा-वीस मिनिटांनी तो आपला आपण उठला. मला मात्र बेबीआत्या दिसली.

परळची चाळ, तिसरा मजला. आत्या तेव्हा तिशीची. तिचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर. सातचा झाला की चहाचं आधण, साडेतीनचा झाला की केस विंचरणं. मधल्या वेळात गॅलरीच्या कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायची. अख्खा दाणा डावीकडे, कणी उजवीकडे, खडा कठड्यावर. मजल्यावरच्या सगळ्या बायका आपापलं सूप तिच्याकडे आणून ठेवायच्या, आणि पाठ वळली की त्याच बायका तिला 'येडी बेबी' म्हणायच्या. मोठ्या आत्याला बघायला पाहुणे आले की हिला शेजारच्या खोलीत कडी लावून ठेवत. राखणीला मी. नऊ वर्षांची. आतून ती दारावर एका लयीत टकटक करत राहायची. ना रडणं ना हाका. नुसती टकटक.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगा थांबला. पुढचं नंतर लिहिते, कुकर लावलाय. तुम्ही लिहा.

मागून दुसरा डबा
ताई, ते कार्ड माझ्याकडेपण आहे. लॅमिनेट केलेलं. मुलगा ९.
आमचं रोजचं युद्ध दिव्यांग डब्यात. पोरगा दिसायला धडधाकट, पळतो, उड्या मारतो. 'याला काय झालंय? उतरा, लेडीजमध्ये जा.' सर्टिफिकेट काढा, ओळखपत्र काढा, एका हातात पोरगं, एका हातात प्लास्टिकची पिशवी. एकदा तर एका माणसाने मला 'नाटकं' म्हटलं. तेव्हा तोंडाला मास्क लावलेले, टाटाला (कॅन्सर हॉस्पिटल) चाललेले एक काका उठले आणि त्या माणसाला म्हणाले, मलापण काही झालेलं दिसत नाही, दाखवू का उघडून? डबा गप्प. माझ्या मुलाने त्या शांततेत मोठ्याने अनाउन्समेंट केली, 'अगला स्टेशन, करी रोड.' काका हसले. परळला उतरताना त्याला टाटा केलं, याने नाही केलं. तो करत नाही.

गुळांबा
बेबीआत्या वाचून डोळे भरले. बाकी नंतर लिहिते, बाई आलीये.

तिसरी गल्ली
भोंगा!!! आमच्याकडे दोन गिरण्यांचे यायचे, अर्ध्या मिनिटाच्या फरकाने. कुठला खरा यावरून बाबा आणि शेजारचे काका कायम भांडायचे.

कोपऱ्यातली टपरी
@तिसरी गल्ली, काळाचौकीला का तुम्ही? आम्ही चिंचपोकळी. आमचं शाळेचं घड्याळच तो.

तिसरी गल्ली
हो हो काळाचौकी! व्यक्तिगत निरोप करतो.

सायलेंटमोड
मी स्वतः. वय ३७. निदान तीन वर्षांपूर्वी, तेही भाचीचं झालं म्हणून. तिचे फॉर्म भरताना ताई एकेक प्रश्न वाचत होती आणि माझ्याकडे बघत होती.
शाळेत 'पुस्तकी', कॉलेजात 'माणूसघाणा', ऑफिसात 'ॲटिट्यूड आहे'. खरं काय ते सांगतो. कॉलरचं लेबल मी प्रत्येक शर्टाचं कापतो. जुन्या ट्यूबलाइटची गुणगुण मला ऐकू येते, तुम्हाला येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं म्हणून मी दोन भुवयांच्या मध्ये बघतो, कुणाला कळत नाही. मीटिंगनंतर जिन्यात जाऊन दहा मिनिटं बसतो. घरी येईपर्यंत इतका अभिनय झालेला असतो की बायकोला 'जेवलीस का' विचारायलाही शब्द उरत नाहीत.
ऑटिस्टिकला मराठीत म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला चिकटत नाही. मग्न? स्वतःत? अहो, माझ्या डोक्यात अख्खं दादर स्टेशन शिरलेलं असतं.

गिरणगावकरीण
दादा, दादर स्टेशन. कळलं एकदम.

अभ्यासू
पूर्वी एवढं नव्हतं. हल्ली मोबाईल आणि ती गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, यामुळे वाढलंय. आमच्या ओळखीत एकाला दीड वर्षाचा असताना लसीनंतरच सुरू झालं. बायका नोकरी करतात, मुलांकडे बघायला वेळ नाही, हेही आहे.

मागून दुसरा डबा
आलं. वाटच बघत होते.

झोपाळा
अभ्यासूजी, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, या मुलांबरोबरच काम करते. दोन क्लायंटच्या मधल्या वेळात लिहितेय, चुका समजून घ्या.
लस : तिचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो शोधनिबंध १९९८ चा. ज्यात तो छापला त्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, लिहिणाऱ्याचा डॉक्टरकीचा परवानाही त्याच वर्षी गेला. ती लस आणि ऑटिझमची पहिली लक्षणं आईबापाच्या नजरेत येणं, दोन्ही एकाच वयात होतं, म्हणून 'नंतर'चं 'मुळे' होतं.
आई : हेपण जुनंच. १९४३ मध्ये लिओ कॅनरने अकरा मुलांवर लिहिलं, त्यात आईबाप कोरडे असल्याचा उल्लेख होता. त्यावरून पुढे 'फ्रिजसारखी थंड आई' ही कल्पना बोकाळली आणि वीस वर्षं आयांनी ते ऐकून घेतलं. बर्नार्ड रिमलँडने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ मध्ये पुस्तक लिहून ती खोडली. परदेशात खोडली म्हणजे. माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी आई अजून विचारते, 'मॅडम, माझं काय चुकलं?'
'पूर्वी नव्हतं' : पूर्वी बेबीआत्या होती. नाव नव्हतं.

अभ्यासू
मी फक्त शंका मांडली.

खोली नंबर २१
झोपाळा यांच्याशी सहमत, पण एक सांगू का, आता उलटंही चाललंय. माझा जावई चहात बिस्किट बुडवल्यावर बोलत नाही, तर पुतणी म्हणे 'काका, स्पेक्ट्रम' (म्हणजे ऑटिझमच). अरे तो मुळातच शिष्ट आहे!

गुळांबा
खोली नं २१ 😂😂 चहात बिस्किट बुडाल्यावर बोलणारे बिस्किट गमावतात.

खारीबिस्कीट
हसू नका रे. मी आजी आहे, ७१. मी सुनेला म्हणायचे, लाडावून ठेवलंयस. नातू जेवायला फक्त पांढरं खायचा. भात, दही, इडली, साबुदाण्याची खीर. मी एकदा दहीभातात गुपचूप वरण कालवलं. पोरगं चार दिवस जेवलंच नाही. कुणीच दिलेलं खाईना, आईनं दिलेलंसुद्धा. सुनेनं मला एक शब्द बोलला नाही. तो शब्द ती बोलली असती तर बरं झालं असतं. आता मी भाताला मीठसुद्धा त्याच्यासमोर घालते.

सायलेंटमोड
आजी, नमस्कार घ्या.

मागून दुसरा डबा
आमच्याकडे पिवळं. पोळी चालते, जळका डाग नको. डाग कापून काढते कात्रीने.
@गिरणगावकरीण कुकरवरून आठवलं, शिट्टीचं काय करता कुणी? आमचा किंचाळतो.

झोपाळा
आधी सांगून बघा. 'आता तीन होणार.' मग बोटं मोजू दे त्याला. अचानक आलेला आवाज टोचतो, माहीत असलेला बराचसा सुसह्य होतो. बराचसा, हं. काहींना नाहीच होत, मग कुकर पलीकडच्या खोलीत किंवा सरळ पातेल्यात भात.

कोपऱ्यातली टपरी
पातेल्यातला भात चवीला बराच असतो तसाही.

गोरेगाव पूर्व
आवाजावरून. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पाचव्या मजल्यावरचा मुलगा आरतीला कधीच खाली नसायचा. आईबाप आळीपाळीने यायचे. एका वर्षी सेक्रेटरींनी (माणूस एरवी पार्किंगवरून जीव खाणारा) संध्याकाळी साडेपाचला, मंडप रिकामा असताना, एक बिनढोलाची आरती ठेवली. लाउडस्पीकर बंद. मुलगा आला, समईकडे बघत उभा राहिला. मग कुणीतरी ठेवलेले टाळ त्यानेच उचलले आणि असे काही कुटले की आम्ही कान झाकले! आई म्हणाली, स्वतः वाजवलेला त्याला चालतो. आता ती साडेपाचची आरती दरवर्षी होते, आणि खरं सांगू, निम्मे म्हातारे तिलाच येतात.

रात्रपाळी
मुलगी १९. बोलत नाही. वर सगळे लहान मुलांचं लिहितायत म्हणून लिहितो.
१८ पूर्ण झाली की कायद्याने ती सज्ञान, आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. हे आम्हाला बँकेत कळलं, काउंटरवर. साहेब म्हणे, हिला सही करू दे. ती पेन हुंगते, सही करत नाही. मग राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा, कलेक्टर अध्यक्ष असलेली समिती, त्यांच्याकडून पालकत्वाचा कागद. ज्यांची मुलं सोळा-सतराची आहेत त्यांनी आत्ताच सुरुवात करा, हात जोडून सांगतो. आणि दिव्यांग दाखला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात आला. आमच्या मुलीच्या पहिल्या दाखल्यावर म्हणूनच 'मतिमंद' आहे. कुणी बदलून घेतलाय का?
बाकी आमचं छान चाललंय. मी रात्रपाळीहून आलो की ती माझे बूट उचलून नेमक्या त्याच फरशीवर ठेवते. एकदा मी आजारी पडून रजेवर होतो तर माझे बूट घेऊन दाराशी उभी.

मागून दुसरा डबा
दादा 🙏 दाखल्याचं मी विचारून सांगते. आमच्या ग्रुपमध्ये एकीने बदललाय.

गुळांबा
बाई गेली. लिहायचं होतं ते आता सगळं लहान वाटतंय. नंतर.

खोली नंबर २१
ताई, संपात आत्याचं काय झालं? अर्ध्यावर सोडलंत.

गिरणगावकरीण
सॉरी, दिवसभर जमलं नाही.
पहिले दोन दिवस तिला वाटलं उशीर झालाय. सात वाजून गेले तरी आधण नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात जाऊन बसली, येणाऱ्याजाणाऱ्याला 'सात? सात?' जेवण नाही, केस नाहीत. आई घड्याळ दाखवायची, तिला घड्याळाशी देणंघेणं नव्हतं. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या.
आजोबा आमचे साचेवाले, गिरणीत माग चालवणारे. तेही संपात, घरी बसून, मुळातच चिडलेले. आठवड्याने एका सकाळी सात वाजता ते गॅलरीत गेले, कठडा धरला आणि तोंडाने भोंगा वाजवला. लाजतबिजत नाही, पूर्ण. कबुतरं उडाली. समोरच्या चाळीतून कोणीतरी ओरडलं, 'काय हो, संप मिटला?' आत्या उठली आणि स्टोव्ह पेटवला.
मग रोज. सात आणि साडेतीन. साडेतीनला आम्ही पोरं शाळेतून आलेली असायचो, आम्हीपण सामील. घरात पैसा नव्हता, आईने बांगड्या मोडल्या त्या वर्षी, पण भोंगा एक दिवस चुकला नाही. आजोबा वारल्यावर माझ्या काकाने केला. तिला काय होतं ते मी आज सांगू शकत नाही, कुणी तपासलंच नाही. आणि कडी, तीही मोठ्या आत्याचं लग्न ठरेपर्यंत लागतच होती. त्याच घरात.

तिसरी गल्ली
...

रात्रपाळी
साचेवाल्याला आवाज सापडला, बरोबर.

मागून दुसरा डबा
ताई, मी हे मोठ्याने वाचत होते, चिरंजीव मागे उभे. गेली दहा मिनिटं 'भोंगा कसा वाजतो, भोंगा कसा वाजतो' चाललंय. कसा वाजतो? सव्वाअकरा झालेत, शेजारी झोपलेत.

गिरणगावकरीण
खालून उचलायचा, पोटातून. मग वर नेऊन ताणायचा आणि शेवटी हळूहळू सोडायचा, एकदम नाही. उशीत तोंड घालून करा आज.